इसाव्याची बाय

दादा, तुला जाऊन आज बारा दिवस झाले आणि मला तुझ्याबद्दल चांगलं लिहायला सांगितलंय. दोन पानं. काल शैलेश आला होता रोह्याला, धाटावची पहिली शिफ्ट संपवून, तसाच कंपनीच्या ड्रेसवर. तुझा लाडका विद्यार्थी, आता आपल्या गावच्या देवस्थान समितीचा अध्यक्ष. खुर्चीच्या टोकावर बसला आणि म्हणाला, "आत्या, मास्तरांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढतोय. पहिली दोन पानं तुमची. बहीण म्हणून लिवा. मनातलं लिवा."

मी म्हटलं, "मनातलं छापशील?"

तो हसला. त्याला वाटलं म्हातारी गंमत करतेय.

आणखीही एक काम घेऊन आला होता तो, ते पुढे सांगते. आधी हे सांगते की तू पडून होतास त्या दिवसांत गावाबाहेरचा बांध उंच करायला पोकलेन आलंय. बांधाच्या वाटेवरचं जे काही आहे ते हलणार. तुझ्या पुस्तकात ज्याची देऊळ म्हणून नोंद आहे त्याला नव्या बांधावर जागा मिळणार, बाकीचे दगड भरावात. असं ग्रामसभेत ठरलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण मास्तरांनी लिहिलंय म्हणजे झालं. आईचा दगड तुझ्या पुस्तकात आहे, पण देऊळ म्हणून नाही. काय म्हणून आहे ते तुला ठाऊक आहे. आता त्या दगडाचं काय करायचं हे ठरवायला आईच्या पोटची मी एकटीच उरलेय, म्हणून ही पानं लिहायला बसले. तुझं गुणगान करायला नाही.

पुस्तक तसं चांगलं आहे रे. तोंडावर कधी म्हटलं नाही, आता म्हणते. आपलं एवढंसं गाव, पाय धरमतरच्या खाडीच्या चिखलात रुतलेले, एक दिवस वीज असते तर दुसऱ्या दिवशी पाणी, आणि देवळांवरून भांडणं मात्र एखाद्या शहराला पुरतील एवढी. ती सगळी तू निस्तरून लिहिलीस. पहिला बापदेव. बांधावर, उघाडीच्या डोक्यावर. भरतीचं खारं पाणी अडवायचं आणि ओहोटीला शेतातलं पाणी सोडायचं असं ते बांधातलं दार, त्याची राखण करणारा देव. त्याला बायका चालत नाहीत. का चालत नाहीत ते बापदेवाने कधी सांगितलं नाही, पुरुषांनीच सांगितलं. तू मात्र लिहिलंस, "परंपरेनुसार."

मग मारुती. होळीला बापदेवाचा पहिला नारळ वरच्या आळीने फोडायचा की खालच्या आळीने यावरून डोकी फुटली आणि नारळ राहिला तसाच. खालच्या आळीने रागारागाने आपला मारुती बसवला. मग त्या मारुतीच्या भजनात पेटी आली. अर्धे म्हणाले पेटी पाहिजे, अर्धे म्हणाले पेटी म्हणजे तमाशा, टाळ न् पखवाज पुरे झाला. तेही फुटले. हाकेच्या अंतरावर आणखी एक मारुती. पेटीवाल्यांचा मारुती आणि बिनपेटीचा मारुती, दोघे एकमेकांकडे पाठ करून उभे. दोन्हीकडचं भजन एकाच वेळी सुरू व्हायचं आणि मधल्या घरांतल्या लोकांना कुठलाच अभंग धड ऐकू यायचा नाही. ते तू असं लिहिलंस की मी एकटी बसून हसले होते. आता बिनपेटीच्या मारुतीकडे गाणारं कोणी उरलं नाही. ठेकेदाराने तिथे सिमेंटच्या गोण्या रचल्यात आणि देव गुडघ्यापर्यंत पांढरा झालाय. हे दुसऱ्या आवृत्तीत घाला म्हणावं.

एवढं सगळं तुला दिसलं, दादा. नारळ दिसला, पेटी दिसली. स्वतःची आई तेवढी दिसली नाही.

वाचणाऱ्यांसाठी सांगते, कारण तुझ्या पुस्तकात हे नाही. आई मिठागरावर कामाला होती. तिथून बायका डोक्यावर मिठाची पाटी घेऊन बांधाबांधाने गाडीरस्त्यापर्यंत यायच्या. मीठ ओलं असतं. पाणी मानेवरून पाठीवर गळतं आणि जिथे कातडं सोललंय तिथे झोंबतं. अर्ध्या वाटेवर एक दगड आहे, कमरेच्या वर येईल इतका उंच, खाटेएवढा लांब, वरून सपाट. गुडघे जरा वाकवले की पाटी अलगद त्यावर सरकवता यायची. उतरवायला कोणी नको, पुन्हा चढवायला कोणी नको. म्हणून तो इसावा. एक दिवस पाटी टेकवल्यावर आईच्या तोंडून निघालं, "बाय माझी, वाचवलंस गो." दुसऱ्या दिवशी तिने पदराच्या गाठीत कुंकू बांधून आणलं. झाली इसाव्याची बाय. घुमटी नाही, कळस नाही, मानाचा नारळ नाही, म्हणून भांडणही नाही.

पुढे बायकांनी आणखी एक रीत पाडली, ती आईनेच सुरू केली. बाळंतिणीने पोर पहिल्यांदा घराबाहेर काढलं की आधी बायवर टेकवायचं, घटकाभर. पोर जलमभर कोणाला भार होऊ नये म्हणून. मलाही टेकवलं होतं. तुझ्या पोरीलाही टेकवलं, तू पेणच्या शाळेत होतास तेव्हा, तुला न सांगता.

मग तू निवृत्त झालास, जाड कोश घेऊन बसलास आणि पुस्तक लिहिलंस. पेटीवाल्या मारुतीच्या पटांगणात प्रकाशन. आई नवं लुगडं नेसून पहिल्या सतरंजीवर बसलेली. तू माइकवरून एकेका देवस्थानाचं नाव घेत होतास आणि ती प्रत्येक नावाला मान पुढे करत होती. बायचं नाव आलं नाही. घरी आल्यावर तिने पुस्तक माझ्या हातात दिलं. "वाच गो. माझ्या बायचं काय लिवलंय दादाने?"

पान काढलं. तुझं वाक्य मला पाठ आहे. "उघाडीच्या वाटेवरील तथाकथित 'इसाव्याची बाय' हे देवस्थान नसून प्रेतयात्रेच्या विसाव्याचा दगड होय. अशिक्षित स्त्रियांनी अज्ञानाने त्यास देवत्व दिले."

प्रेतयात्रा अर्ध्या वाटेवर थांबवून तिरडी खाली ठेवतात, त्यालाही विसावा म्हणतात. कोशात तो अर्थ आहे. तो तुला मिळाला आणि तू खूश झालास. आपल्या गावची तिरडी मात्र बापजाद्यांपासून पुढच्या भेंडीच्या झाडाखाली टेकते, हे तुला, मला, शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण भेंडी कोशात नव्हती.

आणि आता माझं ऐक. मी ते वाचलं. अक्षर न् अक्षर वाचलं. मला खोटं वाचता आलं असतं. "येथे इसाव्याची बाय आहे, जागृत आहे" असं म्हटलं असतं तर तिला काय कळणार होतं? ती उठली असती, देवाला साखर ठेवली असती, आणि त्या आनंदात आणखी पाच वर्षं जगली असती. पण मला तुझा संताप आला होता. वाटलं, बघू दे हिला हिचा शिकलेला लेक. तुझ्यावरचा राग मी तिच्या कानात ओतला. अक्षर मला तूच शिकवलंस, बांधाच्या ओल्या चिखलात काडीने गिरवून. त्याच अक्षराने मी आईला मारलं.

तिने विचारलं, "अशिक्षित म्हंजे?"

"न शिकलेली."

"ते खरं हाय," म्हणाली. मग बराच वेळ चुंबळीसारखा पदर गुंडाळत बसली. मग म्हणाली, "मंग मी मढ्याच्या दगडावर तान्ही पोरं ठेवायला सांगत व्हते व्हय गो?"

आणि बोटं मोजायला लागली. कोणाकोणाचं पोर टेकवलं होतं आणि त्यातलं कोणतं पुढे गेलं. एक तापाने, एक उघाडीत पडून, एक जन्मतःच अशक्त होतं ते. मी म्हटलं, "आये, तसं नाय ते." ती म्हणाली, "गप. मोजू दे."

हे तुला मी कधी सांगितलं नाही. तू मला विचारायचास, आई अलीकडे बांधावर का जात नाही? मी म्हणायचे, गुडघे दुखतात. आता घे. तिने त्यानंतर बायचं तोंड पाहिलं नाही. बाकीच्या बायकाही हळूहळू थांबल्या. पुस्तकात आलेलं खोटं कसं असेल? भातकापणीच्या दिवसांत आई वारली.

तिची तिरडी त्याच वाटेने निघाली. तू पुढे मडकं घेऊन, आम्ही बायका मागे. दगडाजवळ आल्यावर कोणीतरी म्हणालं, मास्तरांनी लिवलंय, इथंच टेकवायचं. मी वाट काढत पुढे गेले आणि दगडापुढे हात पसरून उभी राहिले. "हिला या दगडावर टेकवाल तर याद राखा!" तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं होतं, आता तरी बोलशील. तू म्हणालास, "भेंडीखाली चला." तेवढंच. त्यानंतर गावात कोणी गेलं तरी दगडाचं नाव निघालं नाही. माझ्या जिभेला भीत होते सगळे.

मग सहा वर्षं आपलं भांडण. दरवेळी तेच. वहिनीने वालाचं बिरडं वाढलेलं असायचं आणि ते ताटात थंड होऊन जायचं.

"सुमे, इतिहास भावनेवर लिहीत नाहीत. पुरावा आण, मी बदलतो."

"आईला कधी विचारलंस?"

"आई म्हणजे पुरावा नव्हे."

"तिच्या डोक्याच्या मधोमध केस नव्हते, ते बघितलं होतंस?"

"त्याने पाटी सिद्ध होते. देवी सिद्ध होत नाही."

तू बरोबर बोलायचास. जन्मभर बरोबर बोललास. आई "नाय" म्हणाली की "नाही" म्हण सांगायचास, "हाय"चं "आहे" करायचास, आणि ती बिचारी तुझ्यासमोर बोलायचीच कमी झाली. शेवटी शेवटी तर तू आलास की ती फक्त मान हलवायची. त्यात शुद्धलेखनाची चूक निघत नाही.

गेल्या महिन्यात तुझा फोन आला, पेणच्या दवाखान्यातून. आवाज इतका बारीक की आधी ओळखलाच नाही. "सुमे, एकदा येऊन जा ना. एक विचारायचंय तुला."

रोह्याहून पेण ते काय लांब? एसटीत बसलं की पोचलं. बॅग भरायचीही गरज नव्हती. मी म्हटलं, "पुरावा मिळाला की येते."

तू हसलास की खोकलास ते कळलं नाही. "बरं," म्हणालास.

तिसऱ्या दिवशी वहिनीचा फोन. गेलास. मला त्या वाक्याचा पश्चात्ताप होतो का? होतो. पण ते वाक्य तुझंच होतं, मी नुसतं परत केलं. असं मी बारा दिवस स्वतःला सांगतेय आणि अजून पटत नाहीये.

तुला गावी आणलं. तुझी तिरडी त्याच वाटेने निघाली. शैलेश पुढच्या खांद्याला. भेंडीपाशी येतात तो काय, भेंडी नाही. ठेकेदाराने आदल्या आठवड्यात तोडलेली, नुसता बुंधा आणि चिखल. सगळे मागे वळले आणि दगडाजवळ येऊन थांबले. शैलेश म्हणाला, "मास्तरांनीच लिवलंय, हाच इसावा. इथंच टेकवू. मास्तरांचा मानच हाय तो." आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मागचं कोणी विसरलं नव्हतं.

मी म्हटलं, "टेकवा. लिवलंय ना त्याने, मंग टेकवा त्याला."

टेकवलं. बापजाद्यांपासून आजपर्यंत त्या दगडावर एक मढं टेकलं नव्हतं, दादा. पहिलं तुझं. तुझ्या पुस्तकातलं खोटं तुझ्या मढ्याने खरं करून दाखवलं. आता कोणी पुरावा मागितला तर आहे पुरावा, सगळ्या गावाने डोळ्यांनी पाहिलेला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. घटकाभर फार बरं वाटलं.

मग तुझे पाय दिसले. कापडातून टाचा बाहेर आलेल्या, भेगाळलेल्या, आईसारख्या. एवढी वर्षं बुटात लपवल्यास त्या. आणि त्या टाचा बघताना मला एकदम ते आठवलं, जे सहा वर्षांच्या भांडणात एकदाही आठवलं नव्हतं. भरतीला बांधाच्या वाटेवर पाणी चढायचं आणि मी शाळेला जायला रडायचे. तू मला पाठुंगळी घ्यायचास. मी सहा वर्षांची, तू पंधराचा, काडीसारखे पाय तुझे. दगडापाशी आलास की दम लागायचा. पाठ वळवून मला त्यावर टेकवायचास आणि म्हणायचास, "उतर गो सुमे. जरा इसावा घेऊ." मग दगडावर दोनदा थाप मारायचास. "बाय, सांभाळ गो हिला," म्हणायचास आणि तोंडावर पाणी मारायला खाली खाडीकडे जायचास.

इसावा म्हणायचास. 'वि' नव्हता तेव्हा तुझ्या तोंडात. आणि बाय म्हणायचास तिला. तू.

पुरावा मागत होतास ना सहा वर्षं? पुरावा तुझ्या पाठीवर बसून शाळेत जात होता. तू विसरलास ते एक. मी का विसरले? पुरावा मिळाला की येते म्हटलं होतं. मिळाला, मी आलेही होते, तुझ्यापासून हातभर अंतरावर उभी होते. शैलेश म्हणाला, "उचला," आणि पुरुष तुला घेऊन पुढे गेले.

बायका तिथूनच मागे फिरतात. सगळ्या गेल्या, पारूकाकी तेवढी राहिली. आईबरोबर मिठागरावर होती ती, आता तेवढीच उरलीय. कमरेत वाकलेली, त्यामुळे दगड तिच्या बरोबर छातीशी येतो. तिने दगडावर हात ठेवला, मगाशी तुझं डोकं होतं तिथे, आणि म्हणाली, "बाय, आमचा मास्तर दमला व्हता गो. टेकू दिलंस, बरं केलंस."

माझं टाळकंच फिरलं. "काकी, मढं टेकवलंय तिच्यावर! कळतंय का तुला?"

ती माझ्याकडे बघायला लागली, आपण येड्याकडे बघतो तसं. "मंग? मढं काय हलकं असतं?"

तिने काठी दगडाला टेकवून ठेवली.

"भार तो भार. पाटी असू दे, पोर असू दे, नाय तर मढं असू दे. ती काय इचारते व्हय, काय आनलंस म्हनून?" मग म्हणाली, "तुझ्या आयशीला मातर तू टेकू दिलं नायस. जलमभर हितं टेकली बिचारी, आनि शेवटाला तिची पोरगी आडवी आली. मला वाटायचं, तुमच्यात तो मास्तरच तेवढा शिकलेला. नाय गो. तू पन शिकलेलीच निघालीस."

असं बोलून ती काठी टेकत निघून गेली. मी तिथेच उभी. तू पुस्तकात मारलंस, मी पुस्तक वाचून मारलं, आणि वर तिला शेवटचा इसावाही मिळू दिला नाही, तो मी. तूच बरोबर होतास असं नाही म्हणत मी. तू चूकच होतास. पण चूक करण्यात मी तुझी सख्खी बहीण निघाले.

दहाव्याला वहिनीने तुझी प्रत दिली. दुसऱ्या आवृत्तीसाठी तू दवाखान्यात तपासत होतास म्हणाली, उशाशी लाल पेन. आईच्या पानाचा कोपरा दुमडलेला होता. वाटलं, बदललं असशील. वाटलं, माणूस मरताना तरी वाकतो.

'अशिक्षित' तसंच होतं. 'अज्ञानाने' तसंच. तू फक्त 'इसाव्याची' मधला 'इ' खोडून त्यावर 'वि' केला होतास. मरायला टेकलेला माणूस, आणि आईच्या देवीचं शुद्धलेखन सुधारतोय! मी ते पुस्तक भिंतीवर फेकणार होते. वहिनी समोर होती म्हणून फेकलं नाही.

मग समासात दिसलं. पेन्सिलीने, थरथरत्या अक्षरात, तुझं अक्षर इतकं वाईट कधी नव्हतं. "सुमनला विचारणे."

एवढंच. काय विचारणार होतास? फोनवर म्हणालास ना, एक विचारायचंय. हेच होतं ना ते? की दुसरंच काही होतं, वहिनीच्या गोळ्यांचं नाहीतर घराच्या कागदांचं, आणि मी उगाच रडतेय? ते आता कोण सांगणार? पेणला यायला मला तास लागला असता.

आता शैलेशचं दुसरं काम. तुझी तिरडी टेकली म्हणून समितीने दगड भरावात टाकायचं रद्द केलं. वाचली बाय. पण कशी वाचली बघ. दगडाभोवती सिमेंटचा ओटा बांधणार, वर फरशी लावणार, आणि फरशीवर तुझं नाव घालून "स्मृत्यर्थ प्रेतविसावा" कोरणार. मला फोनवर नक्षी पण दाखवली. "आत्या, मास्तरांचं नाव राहील." खुशीत होता तो. त्याची बायको बाळंत झालीय, महिन्याची मुलगी आहे. मी विचारलं, "तुझी पोर आणून टेकवशील का तिच्यावर?" त्याने मान खाली घातली. नाही टेकवणार. कोणीच टेकवणार नाही आता. ते गेलं, दादा, ते दगड वाचला तरी परत येत नाही. ते तू नेलंस आणि मी नेलं, दोघांनी दोन टोकांना धरून.

पण मी त्याला सांगितलंय. ओटा नको, फरशी नको. दगड आहे तसा नव्या बांधाच्या वाटेवर ठेवायचा, कमरेच्या वर येईल इतकाच उंच. पाटी घेऊन येणारी आली तर पाटी टेकवेल, तिरडी आली तर तिरडी. तुझं नाव त्यावर येणार नाही. आईचंही नाही, तिला वाचता येत नव्हतं. माझी वेळ येईल तेव्हा मला तिथेच टेकवा हेही सांगून ठेवलंय, आईपुढे काय तोंड घेऊन जायचं ते मी बघेन. आणि ही पानं छापायची तर सगळी छापायची, नाहीतर राहू दे तुमची आवृत्ती.

दगडावर एकच शब्द कोरायचा. तुझं लाल पेन वहिनीकडून मागून आणलंय. काल शैलेशच्या हातात कागद दिला, त्यावर त्याच पेनाने लिहिलं, इसावा. तो वाचून म्हणाला, "आत्या, 'वि' पाहिजे ना? मास्तर असते तर..."

मी म्हटलं, नाहीत. तसंच कोर.

तुला विचारायचं होतं ना, दादा? हे माझं उत्तर. चूक वाटली तर येऊन सुधार.